फॉलोअप म्हणजे काय?

टेबलावरचा फोन वाजला की मी अजून खुर्चीत ताठ बसते, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या फॉलोअप सरांना. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या इन्व्हर्टर-बॅटऱ्यांच्या दुकानात ते विक्रीचं सगळं बघायचे, आणि मी त्यांच्या हाताखाली गिऱ्हाइकांना फोन करणारी. "फॉलोअप घेतला का?" हे दिवसभरात इतक्या वेळा म्हणायचे की खालचा रसवंतीवालासुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखायचा. आवाज असा, की चौकात ट्रकचे हॉर्न चालू असताना वरच्या मजल्यावरून हाक मारली तरी रस्त्यापलीकडचा माणूस मान वर करायचा. मी तर त्यांच्या केबिनचं दार उघडलं तरी दचकायचे.

मी देवळ्याहून आलेली. इंग्रजीची धास्ती घेऊनच जिना चढले होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "मनीषा, फॉलोअप म्हणजे काय?" माझी बोबडी वळली. म्हटलं, "फॉलो म्हणजे मागे, अप म्हणजे वर. मागून वर जायचं, सर." सगळं ऑफिस खो खो हसलं. सर नाही हसले. "गिऱ्हाइकाच्या मागून वर कुठं जातेस? गच्चीवर?" म्हणाले, आणि मग मला समोर बसवून शिकवलं. "हा एक शब्द नाही बरं का. सरकारी ऑफिसात केला तर पाठपुरावा. उठसूट केला तर तगादा. म्हाताऱ्या माणसाला केला तर आठवण करून देणं. आणि आपल्या माणसाला केला तर विचारपूस. फोन ठेवल्यावर आपण यातलं काय केलं, ते आपल्याला कळलं पाहिजे." त्या दिवसापासून प्रत्येक फोननंतर केबिनमधून प्रश्न यायचा, "हा कुठला झाला?" शाळेतली तोंडी परीक्षा बरी, असं वाटायचं.

मेसेज पाठवून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "मेसेज म्हणजे फॉलोअप नव्हे. माणसाला माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे." एकदा त्र्यंबकेश्वरचा एक लॉजवाला माझ्यावर असा काही ओरडला की मी फोन टाकून बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांनी दार वाजवून बाहेर बोलावलं. "तो तुझ्यावर नाही ओरडला. लाइट गेलीय, इन्व्हर्टर बंद पडलाय आणि खोल्या यात्रेकरूंनी भरल्यात. घाबरलाय बिचारा. जो ओरडतो तो घाबरलेला असतो, जो 'बघू' म्हणतो तोही घाबरलेला असतो, आणि जो फोनच उचलत नाही तो सगळ्यात जास्त. त्याला परत लावायचा." मी परत लावला. लॉजवाल्याने चक्क माफी मागितली हो.

मग एका हिवाळ्यात सरांचा घसा बसला. "नाशिकची थंडी, दुसरं काय," म्हणायचे आणि खिशातली ज्येष्ठमधाची काडी चघळायचे. थंडी गेली, द्राक्षांच्या गाड्या लागल्या, त्याही संपत आल्या, तरी आवाज काही सुटेना. एकदा कुणाला न सांगता अर्धा दिवस कुठेतरी जाऊन आले आणि संध्याकाळपर्यंत एकदाही "फॉलोअप घेतला का" म्हणाले नाहीत. ऑफिसातल्या बाकीच्यांना बरंच वाटलं. मला मात्र त्या शांततेची भीती वाटायला लागली.

काही दिवसांनी ऑफिसच्या फोनवर एका हॉस्पिटलमधून फोन आला. सवयीप्रमाणे सरांनी स्पीकर लावलेला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, फॉलोअप राहिलाय." सरांचा हात क्षणभर थांबला. मग घाईघाईने म्हणाले, "हो हो, आमची मनीषा घेईल," आणि फोन ठेवून नंबर माझ्याकडे सरकवला. "हॉस्पिटल आहे. मोठ्या बॅटऱ्या लागतील. सोडू नकोस."

आमच्या ऑफिसात फॉलोअपचा दुसरा अर्थ होता कुठे? मी आपली उत्साहाने फोन लावून बसले. "मॅडम, मनीषा बोलतेय, इन्व्हर्टरच्या फॉलोअपसाठी." पलीकडची मुलगी गोंधळली. मग ती म्हणाली, "अहो ताई, कसला इन्व्हर्टर? तुमच्या सरांच्या घशातला तुकडा तपासायला घेतला होता ना, त्याचा रिपोर्ट आलाय. किती वेळा बोलावलं, येतच नाहीत. डॉक्टर चिडलेत. हे थांबण्यासारखं नाही हो."

मी फोन ठेवला. काचेपलीकडे सर बसलेले दिसत होते. एरवी माझ्या प्रत्येक फोनवर नजर ठेवणारा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्यावरून मला कळलं, की त्यांना सगळं ठाऊक आहे.

इतके दिवस मी त्यांना घाबरायचे, त्या दिवशी त्यांच्यासाठी घाबरले. जीव मुठीत धरून आत गेले. "सर, हॉस्पिटलचा फॉलोअप घेतला."

"मग? किती बॅटऱ्या?"

"त्यांना तुम्ही हवे आहात, सर."

त्यांनी टेबलावरची पेनं सरळ केली, परत वाकडी केली. "बघू. पुढच्या आठवड्यात."

"सर, 'बघू' म्हणणारा घाबरलेला असतो, असं तुम्हीच सांगता."

"तगादा लावू नकोस!" ते ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. घशातून नुसती हवा आली. ज्या आवाजाला मी इतकी टरकायचे त्याची ती दशा ऐकून मला रडूच फुटलं. "तगादा नाही सर. विचारपूस आहे."

त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "घरी सांगितलेलं नाही. भीती वाटते गं."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "पण चला."

सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, फोन करून आम्ही तिथेच बोलावून घेतलं. हॉस्पिटलात "फॉलोअपचे कोण आहेत?" अशी हाक आली तेव्हा सर अर्धवट उठले आणि परत बसले. मी एका बाजूने दंड धरला, काकूंनी दुसऱ्या. रिपोर्ट वाईटच होता. ऑपरेशनने जीव वाचला पण स्वरयंत्र काढावं लागलं, आणि तो आवाज द्वारकेच्या चौकात परत कुणी ऐकला नाही.

सरांची नोकरी सुटली, सर काही सुटले नाहीत. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचा मिस्ड कॉल यायचा. एक रिंग, बंद. मग मी लावायचा आणि एकटीनेच बोलायचं. कोण गिऱ्हाईक आलं, कोण भांडलं, मालक काय म्हणाले. ते फोनवर बोटाने टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मेसेज करता येत होता, पण तो त्यांनी कधी केला नाही. एकदा मी चिडवलं, "सर, हा पाठपुरावा की तगादा?" तर टकटक, टकटक, रागाने कितीतरी वेळ चालली होती. मी हसून बेजार.

मग एका गुरुवारी रिंग आली नाही. माझा डबा तसाच राहिला. फोन हातात घेऊन बसले, पण लावायचं धाडस होईना. लावला तर पूर्ण वाजून बंद झाला. न उचलणाऱ्याला परत लावायचा. परत लावला.

काकूंनी उचलला. "मनीषा ना? सकाळीच गेले गं." मग म्हणाल्या, "काल पाटीवर लिहून दाखवलं मला. 'उद्या माझी रिंग गेली नाही तर मनीषाचा फोन येईल. नाही आला तर मी शिकवलं काय?'" आणि त्यांना हुंदका आवरेना. "आलीस ना गं तू फोनवर? तूच आहेस ना?"

मी फोनवर बोटाने एकदाच टक् केलं.