हातातली ग्रिप, खिशातली ग्रिप

आधीच सांगून ठेवते, असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. आम्ही मूळचे हिंगणघाटचे, बौद्ध. बाबांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळे हात जोडायचे आणि बाबा एकटेच म्हणायचे, ‘आधी थर्मामीटर लावून पहा.’ मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर. पुरावा नसेल तर गोष्ट घडलीच नाही, असं रोज आठ तास म्हणायचा मला पगार मिळतो.

तर अशा घरातली मी, एकतिसाव्या वर्षी अंधाराला घाबरायला लागले.

भुताला नाही हं. नुसत्या अंधाराला. लहानपणी काहीच नव्हतं, पुण्यात नोकरीला आल्यावरही पाच-सहा वर्षं काही नव्हतं, आणि मग एकदम सुरू झालं. दिवे गेले की छाती आवळायची, पाय जागचे हलायचे नाहीत. धायरीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायचे, सगळ्या ट्यूब लावून झोपायचे. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका शनिवार पेठेतून आलेले, त्यामुळे विचारण्याची पद्धतही तिकडचीच. एकदा जिन्यात म्हणाले, “रोज कार्य असतं का हो आपल्याकडे? नाही, रोषणाई असते म्हणून विचारलं. आमंत्रण आलं नाही.” मी हसून वेळ मारून नेली. सांगणार काय, एवढी घोडी झालेय आणि अंधाराला भिते?

त्यात ती वर्षं लोडशेडिंगची. आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ. मी ऑफिसमधून मुद्दाम नऊनंतर निघायचे. बॉसला वाटायचं, काय मेहनती मुलगी आहे! सुट्टीच्या दिवशी मात्र इलाज नसायचा. मग चार्जिंगचा इमर्जन्सी लॅम्प मांडीवर घेऊन दोन तास बसायचे.

आणि गंमत म्हणजे माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते. आमच्या घरात दिवे गेले की आई निश्चिंत व्हायची. लाइन बंद आहे, म्हणजे नवरा खांबावर सुखरूप आहे! दिवे परत आले की तिची नजर दाराला लागायची, ती थेट बाबांची सायकल वाजेपर्यंत. बाबांचा एक नियम होता. कामाला हात घालण्याआधी फ्यूजची ग्रिप काढायची – तो चिनी मातीचा पांढरा तुकडा, ज्यात फ्यूजची तार बसवतात – आणि ती स्वतःच्या खिशात ठेवायची. टेबलावर नाही, सोबत्याकडे नाही. ग्रिप खिशात असली की मागून कुणी शहाणा लाइन चालू करू शकत नाही. घरी काही दुरुस्त करायचं असलं की मात्र ती ते माझ्या हातात द्यायचे. “घट्ट धर. मी मागल्याबिगर कोणाले द्यायची नाही. बापाचा जीव आहे तुह्या हातात.” मी सात वर्षांची, काळोखात मूठ आवळून उभी. भीती वाटायला वेळच नसायचा.

बाबा रिटायर झाल्यावर डिसेंबरात आठवडाभर माझ्याकडे आले होते. माझ्या या भानगडीचा त्यांना पत्ता नव्हता. पत्ता लागू नये म्हणून मी जिवाचं रान करत होते... रात्री ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणून दिवे चालू ठेवायचे. त्यांच्यासमोर भित्री ठरणं मला मरणाहून वाईट वाटत होतं.

रविवार होता. घरातली ट्यूब दोन दिवस फडफडत होती. बाबांनी निदान केलं, खाली मीटरच्या खोलीत कनेक्शन सैल आहे. सातला दिवे गेले तसे ते उठले.

“आता करून टाकतो. लाइन मेली आहे, मंग कायचं भेव? तुहा तो लॅम्प दे.”

लॅम्प... घरात तेवढाच उजेड. मेणबत्त्या संपलेल्या. मोबाईल चार्जिंगला लावायला आणि लाइट जायला एकच गाठ पडलेली, तो केव्हाच बंद. ‘नको, बाबा’ एवढे दोन शब्द तोंडातून फुटले नाहीत. दिला लॅम्प.

“पाच मिनिटांत येतो. चहा ठेव.”

मी चहा ठेवला आणि गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत उभी राहिले. तेवढाच आधार. पाचाची पंधरा मिनिटं झाली. चहा उतू गेला आणि ज्योत विझली. बटण कसंबसं बंद केलं, लायटर मात्र हाताला लागेना. मग माझे पाय गेलेच. ओट्याला पाठ लावून फरशीवर बसले, गुडघ्यांत डोकं घातलं. बाबांना हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मनातून कळत होतं, बाबांना फार उशीर झालाय. उठायला हवं होतं. मी उठले नाही. हे लिहायची आजही लाज वाटते.

आधाराला म्हणून उजवा हात फरशीवर टेकला, तर बोटांना काहीतरी लागलं.

ग्रिप.

बघायची गरज नव्हती, बोटांना ओळखीची होती. वजन, पितळेची दोन टोकं, कडेच्या खाचा... आणि ती कोमट होती, नुकतीच कुणाच्या खिशातून काढल्यासारखी. डिसेंबरातली गार फरशी, संध्याकाळी मी स्वतः झाडलेली, पुसलेली. तिथे ती नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण त्या क्षणी ‘कुठून आली’ हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच – ग्रिप इथे आणि बाबा तिथे. असं कधीच होत नाही. बाबांच्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. म्हणजे खाली काहीतरी वाईट घडलंय.

मी उठले. मूठ आवळली आणि दार उघडून जिन्यात आले. तो जिना म्हणजे ठार काळोख, बिल्डरने एक खिडकी ठेवली नव्हती. मी उतरत गेले. छाती आवळली नाही, पाय लटपटले नाहीत. सात वर्षांची असताना जशी उभी राहायचे तशी चालत होते. दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णी काकांनी चाहूल ऐकून दार उघडलं, हातात मेणबत्ती.

“कोण? आपण? अंधारात?”

“काका, खाली या, बाबांना काहीतरी झालंय!”

“अहो थांबा, मेणबत्ती तरी...”

थांबले नाही. मेणबत्तीच्या पुढे दोन जिने मी काळोखातच उतरले.

मीटरच्या खोलीत पायाला बाबांची चप्पल लागली. मागोमाग काकांची मेणबत्ती आली. लॅम्प पडून फुटला होता. बाबा भिंतीला टेकून बसलेले, शर्ट घामाने चिंब, आवाज खोल गेलेला. हात हातात घेतला तर बोलले काय?

“ग्रिप... खिशात आहे माह्या. लाइट आली तरी भिऊ नको.”

“माझ्याकडे आहे, बाबा,” मी म्हणाले. वाटलं, भ्रमात बोलताहेत.

पुढचं सगळं भराभर झालं. काकांनी आरडाओरडा करून माणसं जमवली, गाडी काढली, सिंहगड रोडवरच्या हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून उशीर परवडला नसता. मी बाकड्यावर बसून हमसून हमसून रडले आणि काकांनी एकही टोमणा मारला नाही.

मग नर्सने बाबांच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. घड्याळ, चष्मा, कंगवा... आणि फ्यूजची ग्रिप. नवी, पांढरीशुभ्र. शर्टाच्या खिशातली.

मी आवळलेली मूठ उघडली. माझी तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी मीटरच्या बोर्डावर पाहिलं. एकच जागा रिकामी होती. बाबांच्या खिशातली तिथे अगदी फिट बसली, माझी बसेचना. ती मोठी होती, जुनी, पिवळट. बाबा घरी आल्यावर त्यांच्यासमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ उलटीपालटी केली. कडेला कानशीने पाडलेल्या दोन खाचा होत्या.

“हे माही खूण आहे,” ते म्हणाले. “रिटायर झालो तवा स्टोअरात जमा केली होती. सही आहे माही.”

बॅगेतून चुकून आली असेल? त्यांनी स्वतःच बॅग उलटी करून शोधलं, आईला फोन केला, स्टोअरमधल्या जुन्या माणसालाही केला. उत्तर नाही. शेवटी ग्रिप माझ्या हातात देऊन म्हणाले, “कारण असनच. आपल्याले माहीत नाही, एवढंच.”

मग मी सगळं सांगून टाकलं. ट्यूब, ऑफिस, मांडीवरचा लॅम्प, सगळं. ते हसले नाहीत.

“एवढी भेत होती, मंग खाली आली कशी?”

“ग्रिप होती ना हातात.”

त्यांनी मान डोलावली, जसं काही हे कारण पुरेसं होतं.

त्या रात्री मी घरातले सगळे दिवे बंद करून झोपले. सकाळपर्यंत गाढ! जिन्यात कुलकर्णी काका भेटले. “कार्य पार पडलं वाटतं आपल्याकडचं,” म्हणाले. मी म्हटलं, “हो काका, झोकात.” त्यानंतर लोडशेडिंगमध्ये बिल्डिंगमधल्या कुणालाही खाली जायचं असलं की माझी बेल वाजायची, आणि मी पुढे चालायचे, मोकळ्या हाताने.

ऑफिसात असला बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर शेरा मारून बंद करतात. हा मी बंद केलेला नाही. इतक्या वर्षांत मला काही सुचलेलं नाही, बाबांनाही नाही, आणि ग्रिप अजून माझ्या कपाटात आहे.

परवा फोनवर बोलता बोलता इकडे लाइट गेली. आईला सांगितलं, तर पलीकडून त्याच त्या निश्चिंत आवाजात म्हणाली, “गेली का? मंग बरं झालं.”

मीही म्हटलं, “हो ना, आई.” आणि अंधारातच बोलत बसलो, तासभर.