घर कोणाचं, असं पटवाऱ्यानं विचारलं तेव्हा

मला सगळे संशयी म्हणतात. म्हणू देत. गावावर ड्रोन उडवून सरकार घराघराला मालकीचं कार्ड देणार, असं कळलं तेव्हापासून तर माझी झोपच उडाली होती.

आमचं गाव तापीकाठी, बुऱ्हाणपूरच्या जवळच. शेतांना कागद होते, पण गावातल्या घरांना कधी कागदच नव्हता. राहील त्याचं घर. आमच्या घरात आई एकटी राहते. बाबा गेल्यावर मागची भिंत बसली, तेव्हा तिनंच म्हैस विकून ती उभी केली. बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात दुकान असलेला माझा धाकटा भाऊ मात्र सारखा तिच्या मागे लागायचा, "गावचं घर काढून टाकू, आई. आमच्याकडे ये." काढून टाकू म्हणजे विकू. आई म्हणायची, "मी इथून निघेन ती चौघांच्या खांद्यावरच." कार्डावर भावाचं नाव लागलं की आईचं घर गेलंच, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मोजणीच्या दिवशी शाळेत रजा टाकून मी बुऱ्हाणपूरहून गावी गेले. वरून हद्द दिसावी म्हणून प्रत्येकानं घराभोवती चुन्याची रेघ मारायची होती. बघते तर भाऊ माझ्याआधीच चुन्याची पिशवी घेऊन हजर! दिवाळीला ज्याला यायला सवड होत नाही, तो! कुठंतरी पाणी मुरत होतं नक्की.

तो रेघ मारत पुढं, मी त्याच्या मागं.

"ताई, सरक ना, पायानं पुसतेयस तू."

"तू काय मारतोस ते बघतेय."

रेघ सरळ होती. गोठासुद्धा आत घेतला होता त्यानं. मला उलट जास्तच शंका आली. मग त्यानं मोजणीला आलेल्या पटवाऱ्याला चहा पाजला.

"चहा कशाला रे त्याला?"

"अगं, उन्हात उभा आहे बिचारा! तू पण ना, ताई, हद्द करतेस."

ड्रोन वर गेला तसे सगळे माना वर करून बघायला लागले. बायकांनी डोक्यावर पदर ओढले, जणू वरून कोणी सासराच चाललाय. भाऊ मागच्या अंगणात होता, म्हणून मीही तिथंच. त्याच्यावरची नजर मी हटवली नाही.

पुढं ग्रामसभेत पटवाऱ्यानं घरागणिक मालकांची नावं वाचली. आमच्या घराला भावाचं नाव!

"केलंसच ना शेवटी!" मी भरसभेत ओरडले.

"आईची शपथ, ताई, मी एक शब्द बोललो नाही."

"शपथा नको घेऊस, मेल्या!"

पटवारी वैतागला. "मैडम, माताजी से ही पूछा था. नाप वाले दिन, दरवाज़े पर. मकान किसका है, तो बोलीं, लड़के का."

मी आईकडे बघतच राहिले.

"मग काय सांगू गं?" आई म्हणाली. "माझं घर, असं बाईमाणसानं आपल्या तोंडानं म्हणायचं? आधी तुझ्या आजोबांचं, मग तुझ्या बाबांचं, आता पोराचं. आपल्यात असंच सांगतात."

असंच सांगतात, खरं आहे. गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं होतं. मला इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं. हरकत आत्ताच सांगा, नाव बदलेल, असं पटवारी म्हणाला.

"म्हण," मी आईला म्हटलं. "माझं घर, म्हण."

आईनं भावाकडे बघितलं. तो खिशातल्या दुकानाच्या किल्ल्या चाळवत राहिला. मी मनात म्हटलं, आता दिसला खरा रंग. मग खाली बघत तो म्हणाला, "म्हण ना, आई." कुठल्या मनानं म्हणाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मेरा है," आई पुटपुटली. पटवाऱ्यानं पुन्हा विचारलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "घर मेरा है!"

माझा जीव भांड्यात पडला.

"गवाह में आपका नाम लिखता हूँ," पटवारी माझ्याकडे वळला. "कहाँ रहती हैं?"

"सिंधीपुरा."

"किसका मकान?"

"हमारे मिस्टर का," मी पटकन सांगून टाकलं. त्या घराच्या अर्ध्या विटा माझ्या पगाराच्या आहेत.

आई माझ्याकडे बघत होती. मघाशी मी जसं दरडावलं होतं, अगदी तसंच ती म्हणाली, "म्हण."

पटवारी पेन धरून थांबला होता. माझा हात आपसूक पदराकडे गेला.