पायातली ताकद

राजूरची इंद्रायणी लग्नानंतर पोलीस भरतीची तयारी करत होती. १९९८ साल होतं. रोज सकाळी ती कच्च्या रस्त्यावर जीव तोडून शंभर मीटर पळायची आणि मग बांधावर बसायची. सोबत आलेल्या सासूला, वच्छलाबाईंना, ते पटत नव्हतं.

"एवढंसं पळती अन् बसून राह्यली. अशानं कुठं नोकरी लागती?"

म्हणून इंद्रायणी न बसता लागोपाठ पळू लागली. आठवडाभरात तिचे पाय जड झाले, वेग घटला. ती रडवेली झाली. तेव्हा शाळेतले खेळाचे सर वच्छलाबाईंना म्हणाले, "मावशी, जोरात पळताना पायातली ताकद काही सेकंदांतच सरते. ती परत भरायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधी पळलं, तर अंगाला हळू पळायचीच सवय लागते."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणी पळून आली आणि लगेच परत वळली. वच्छलाबाईंनी तिचा हात धरला. "बस बाई. पायात ताकद भरू दे."

त्या स्वतःही शेजारी टेकल्या. "सकाळच्या पारी मी अशी कधी बसलेच न्हाई बघ."

त्याच वर्षी इंद्रायणी पोलिसात लागली.