चौकोनातलं कुंकू

नीलाबाईंना कॉलेजात सगळे ‘विचारबाई’ म्हणत. धुवायला दिलेली काचेची नळीसुद्धा त्या आधी उजेडाकडे धरून बघत आणि जवळ जो कोणी असेल त्याला विचारत, “हे कायच्यासाठी असते जी?” ब्रह्मपुरीच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. शिक्षण मराठी चौथी. नवरा इस्तारी गावच्या तलावात मासे धरायचा. तो म्हणे, “तुह्या प्रश्नाईनं तं मासेबी पळून जातीन.” नीलाबाई हसून सोडून देत. सोमवार धरायच्या, सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडताना हात जोडायच्या, आणि मग दिवसभर विचारत राहायच्या.

२००५ सालची दिवाळी झाली आणि एम.एस्सी.ची मंजुषा प्लास्मिड काढायला बसली. पोरगी कोरपन्याकडची, कापूस पिकवणाऱ्या घरची. जिवाणूच्या पोटात त्याच्या मुख्य डीएनएखेरीज आणखी एक लहानसं डीएनए असतं, बांगडीसारखं गोल. तेच प्लास्मिड. ते शुद्ध करून दाखवायचं, हा तिचा प्रकल्प. नागपूरचे परीक्षक सोमवारी येणार होते. विभागप्रमुख गुणवंतराव सरांनी त्यासाठी विकतचं किट दिलं होतं आणि त्यातल्या दहा गाळणीच्या नळ्या. शुक्रवारपर्यंत आठ वापरून झाल्या. आठही वेळा हाती काहीच लागलं नाही.

“दोनच राह्यल्या,” मंजुषा म्हणाली. “माह्या हातालेच काहीतरी झालं, नीलाबाई.”

“हाताले काय होते? तू करतेस काय काय, ते सांग बरं मले.” नीलाबाईंनी स्टूल ओढलं.

मंजुषा नववी नळी करायला बसली होतीच. करता करता सांगू लागली. पहिलं औषध टाकलं की जिवाणू फुटतात. नळीतलं पाणी भेंडीच्या बुळबुळीत रसासारखं झालं. नीलाबाईंनी मान वाकडी करून बघितलं. पुढचं औषध टाकताच दूध फाटल्यासारखे पांढरे गोळे झाले. यंत्रात गरगर फिरवल्यावर गोळे तळाशी बसले, वर निवळ पाणी राहिलं.

“आता हे वरचं पाणी या गाळणीत. हिच्यात बारीक पडदा असते. प्लास्मिड त्याले धरून बसते, बाकीचं खाली पडते.”

“म्हणजे जाळंच की व.”

“जाळंच. मंग जाळं धुवायचं, घाण निघून जाते.”

“अन् मासा सुटते कधी?”

“शेवटी. साधं पाणी टाकलं का सोडते पडदा त्याले.”

नीलाबाईंनी पुढ्यातल्या बाटल्यांवरून नजर फिरवली.  मंजुषानं धुण्याच्या औषधाची बाटली उचलली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

“थांब. दे इकडं.” झाकण उघडून त्यांनी वास घेतला. “मागच्या साली सर धूत होते, तवा मोहाच्या दारूच्या पहिल्या धारेवानी वास सुटे. मी नाकाले पदर लावो. याले तं वासच नाई. अन् बाटली एवढी मोठी, औषध तळाले?”

“म्हणजे?”

“म्हणजे तूच म्हणतेस साध्या पाण्यानं मासा सुटते, अन् धुतेस साध्या पाण्यानं!”

मंजुषानं बाटली हिसकून घेतली. “यात चौपट इथेनॉल घालायचं असते. स्पिरिट म्हणा. पण ते सरांच्या कपाटात कुलुपात राह्यते, अन् सरांनी घातलं आहे. हे पाहा ना, चौकोनात लाल खूण! स्पिरिट घातलं का खूण करायची, त्यासाठीच चौकोन छापते कंपनी. मी विचारून येतो सरांले.”

बाटली टेबलावर ठेवून ती दारापर्यंत गेली. नीलाबाईंनी बाटलीच्या चिठ्ठीवरच्या त्या लाल ठिपक्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. 

“मंजू, सराले नको विचारू. ते मी लावलं. कुंकू आहे.”

दसऱ्याला नीलाबाई प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांची, तराजूंची पूजा करत. यंदा त्याच दिवशी हे किट आलं होतं. नव्या वस्तूला कुंकवाशिवाय कसं ठेवायचं? बाकीच्या बाटल्यांना त्यांनी झाकणावर लावलं. या बाटलीवर मात्र चांगला रिकामा चौकोन दिसला.

“मले वाटलं, कंपनीनंच कुंकवाले जागा सोडली,” त्या म्हणाल्या. “तुह्या आठ नळ्या माह्या हातानं गेल्या, पोरी.”

मंजुषा बाटलीकडे बघत उभी राहिली. रडेल की ओरडेल, काही कळेना. मग म्हणाली, “आठ दिवस मी जिवाणूले शिव्या देऊन राह्यली!”

“देवालेबी दिल्या असशीन.”

“दोन-चार दिल्या.”

“त्या माह्या नावानं लाव. जाय, सराच्या कपाटाची किल्ली आण.”

किल्ली आली. उरलेलं औषध मापून त्यात चौपट स्पिरिट घातलं, खोलीभर वास सुटला आणि नीलाबाईंनी नाकाला पदर लावला. मंजुषानं नववी नळी धुतली, शेवटी थेंबभर पाण्यानं पडद्यावरचं सोडवून घेतलं, आणि ते जेलमध्ये, म्हणजे जेलीच्या पातळ वडीत, भरून वीज लावली; डीएनए असलं तर त्याची रेघ उमटणार होती. पाऊण तास दोघी जेलपाशी बसून होत्या. नीलाबाईंचे ओठ हलत होते. कोणाचं नाव घेतात ते मंजुषानं विचारलं नाही.

मग अंधारी खोली, डोळ्यांवर चष्मे, जांभळा उजेड. काळ्याभोर जेलमध्ये नारिंगी रेघा पेटल्यासारख्या चमकत होत्या.

“आलं! नीलाबाई, आलं!” मंजुषानं त्यांचा दंड घट्ट धरला.

“दिसते ना, मायबाई.” नीलाबाई वाकून बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, “पण काव मंजू, तू म्हणे, एकाच जातीची गोल बांगडी. मंग रेघा दोन काऊन?”

मंजुषाचा हात सुटला. “दोन म्हणजे... एक पिळलेली अन् एक सैल... थांबा.” ती घाबरली. “हे तं सोमवारी परीक्षकच विचारतीन!”

तिनं दिवा लावला, पुस्तक काढलं. नीलाबाईंनी दुसरं स्टूल ओढून जवळ घेतलं.

“मोठ्यानं वाच. अन् मराठीत सांग.”