मीठ बघ जरा

वडापवाला दारात हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. जीपच्या टपावर माझी बॅग चढली होती, आत माणसं आधीच कोंबलेली होती आणि प्रत्येकाला जयसिंगपूर गाठायची घाई होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरला दमात घेत होते, "पोरगी परदेशाला निघालीया, बाजाराला न्हाय. थांब की जरा!" मी चपला घालून उंबऱ्यावर उभी, आणि एवढ्यात आतून आई आली. तिला आम्ही आव्वा म्हणतो. आमच्या शिरोळ भागात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळं कुणाची आई आई असते, कुणाची आव्वा. तिच्या हातात पळी होती आणि पळीत आमटी.

"सुजे, जरा मीठ बघ."

मी आमटी तळहातावर घेऊन चाखली. पार अळणी होती. आव्वाच्या हातचं मीठ कधी चुकत नाही, म्हणून मला आणखीच भरून आलं. आता कमी आहे म्हणावं तर ती आत जाणार, बरणी काढणार, ढवळणार, आणि तोवर मी चुलीपाशी बसकण मारून रडणार. मग मला जीपमध्ये बसवायला चार माणसं लागली असती. "बरोबर हाय," मी म्हटलं आणि निघाले. जीप वळली तरी आव्वा पळी हातात घेऊन तशीच उभी होती.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्याबरोबर नर्सिंग शिकून दुबईला आणि आयर्लंडला गेलेल्या मैत्रिणींसाठीही. मी मलावीला निघाले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. आफ्रिकेतला हा चिमुकला देश नकाशावर शोधायला आमच्या थोरल्या काकांनी चष्मा दोनदा पुसला आणि विचारलं, "आगं, तिथं आपल्यापरीस गरिबी हाय म्हणं. गरिबीतनं उठून गरिबीत कशाला जायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला गरिबीतल्या एका रोगाशी जुना हिशेब चुकता करायचा होता, आणि तो रोग दुबईच्या काचेच्या इमारतीत मला सापडला नसता.

मी शाळेत असताना आव्वाला टीबी झाला. आमचा भाग उसाचा आणि दुधाचा. बाहेरच्यांना वाटतं, इथं प्रत्येकाच्या घरात तुपाची बरणी असते. आमच्या घरातही बरणी होती, पण पंचगंगेचं पाणी शेतात शिरून ऊस कुजला त्या सालापासून ती रिकामीच होती. पाहुण्यांना मात्र आव्वाला दमा आहे असंच सांगायचं, अशी आम्हाला ताकीद होती. टीबी म्हटलं असतं तर शेजारच्या बायका पाण्याला आल्या नसत्या आणि माझ्या लग्नाच्या बोलण्यात तो रोग पहिला येऊन बसला असता. आजाराचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळायचं. लाजेवर औषध नव्हतं.

दवाखान्यातल्या सिस्टर विचारायच्या, "मावशी, जेवून गोळ्या घेता ना?" आव्वा ठसक्यात सांगायची, "व्हय, जेवलो की!" आमच्याकडच्या बायका आलो, गेलो, जेवलो असंच बोलतात, त्यामुळं ते खोटं आणखीच रुबाबदार वाटायचं. कारण आपल्याकडं "जेवलासा काय?" या प्रश्नाला "न्हाय" हे उत्तरच नसतं. पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस म्हणणार, आत्ताच जेवलो, ढेकर यायचीय अजून. न्हाय म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर डोळा ठेवणं. त्यात आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. आव्वा आम्हाला वाढत राहायची, भांड्यात काही उरायचं नाही, आणि मग ती खिडकीतून बाहेर बघून म्हणायची, "दिवस बुडाला की. आता मला चालत न्हाय." घरात धान्य कमी आहे हे तिनं धर्माच्या पदराखाली असं झाकलं होतं की आम्हा भावंडांना तिचं कौतुकच वाटायचं.

रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की तिला ओकाऱ्या व्हायच्या. आणि औषध लागू पडायला लागलं तसं दुसरंच दुखणं सुरू झालं. भूक खवळली. "ह्या गोळ्यांनी नुस्ती भूक लागती," ती आण्णांना तक्रारीच्या सुरात म्हणाली, आणि गोळ्या बंद करायचं तिनं मनात पक्कं केलं. आण्णा भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चुलीपाशी बसले, उन्हं अंगणात असतानाच, आणि पळी तिच्या पुढं धरून म्हणाले, "मीठ बघ जरा. मला कळंना झालंय." ती म्हणाली, कमी हाय. त्यांनी चिमूटभर घातलं. पुन्हा बघ. अजून कमी. असं करत करत तिच्या पोटात वाटीभर आमटी गेली. मग उरलेलं त्यांनी दोघांत वाढलं. आमच्या ताटात त्या दिवसांत भाकरी थोडी लहान यायची, पण आव्वा बरी झाली. पुढं ऊस तोडायला आलेल्या बायका पाणी मागायला दारात आल्या की ती हाच डाव त्यांच्यावर टाकायची. जेव म्हटलं की त्या नको म्हणायच्या. मीठ बघ म्हटलं की येऊन बसायच्या.

इतकं सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा मलावीत मी सपशेल फसले. माझं आरोग्य केंद्र म्हणजे लाल मातीच्या रस्त्याकडेला पत्र्याची बसकी इमारत, भोवती मक्याची शेतं आणि एक आंब्याचं झाड. भाषा शिकताना मी पहिल्यांदा शिकले ते "म्वाद्या?" म्हणजे जेवलात का? उत्तर यायचं, "न्दाद्या", जेवले. मी मान डोलवायची आणि गोळ्या द्यायची. आपल्या भाषेतलं खोटं आपल्याला ऐकताक्षणी कळतं. परक्या भाषेत शब्द समजला याचाच आनंद इतका होतो की माणूस त्यावर विश्वास ठेवून बसतो.

माझ्याकडं गोळ्यांना येणारी एस्नात माझ्याच वयाची होती. नवरा कामासाठी दक्षिण आफ्रिकेला गेलेला, पैसे कधी यायचे, कधी नाही. कडेवर एक लहान मुलगी, जी रात्री तिच्याच कुशीत झोपायची. एस्नातला टीबी होता, ती औषध घेत होती, आणि तरी वजन वाढायचं नाव नव्हतं. मग ती यायचीच बंद झाली. गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग पुन्हा उसळतो, त्याला साधी औषधं जुमानत नाहीत, आणि मग तो त्या मुलीलाही सोडणार नव्हता. मी पत्ता विचारत तिच्या झोपडीवर गेले.

ती दारात चटईवर पडली होती. मला बघून धडपडत उठली आणि मुलीला सांगितलं, पाहुणी आलीय. तिथं अनोळखी माणसाला आणि पाहुण्याला एकच शब्द आहे. आपल्याकडं नाही का, रस्ता विचारणाऱ्या कुणालाही "ओ पावणं" म्हणतात, तसंच. मी सवयीनं विचारलं, म्वाद्या? "न्दाद्या," ती म्हणाली, ठसक्यात, मान वर करून. मी तिच्या मागं पाहिलं. चूल गार होती. राखसुद्धा कालपरवाची. आणि मला एकदम आव्वाचा आवाज ऐकू आला, व्हय, जेवलो की. मी तिथंच खाली बसले. स्वतःचा असा संताप आला की विचारू नका. आख्खं बालपण ज्या खोट्यात गेलं ते मला समोर बसून ओळखता आलं नव्हतं.

आमच्या टीबीच्या प्रकल्पाचे साहेब महिन्यातून एकदा राजधानीतून यायचे. मी त्यांना सांगितलं, गोळ्यांबरोबर लापशी द्यायला हवी. ते समजूतदार होते, वाईट मुळीच नव्हते. म्हणाले, औषधासाठी परदेशातून मदत येते, अन्नासाठी येत नाही. अन्न आपल्या कामात बसत नाही. आता कोल्हापूरच्या बाईला नाही म्हणणं म्हणजे तिच्या अंगात आणखी चार हत्तींचं बळ आणणं. मी म्हटलं, तुमच्या कामात नको, माझ्या अंगणात बसेल ना? मी पगारातून मोठा हंडा घेतला, मक्याचं पीठ आणि शेंगदाण्याचा कूट आणला, आणि आंब्याखाली तीन दगड मांडले.

पहिल्या दिवशी लापशी उकळत राहिली आणि एकही बाई जवळ आली नाही. सगळ्या न्दाद्या. फुकटचं खायला तिथल्या बायकाही आमच्या आव्वाइतक्याच ताठ. एस्नातला मी मनधरणी करून पुन्हा गोळ्यांना आणलं होतं. तेव्हा मी पळी घेऊन तिच्यापाशी गेले. त्या भाषेत चव बघा याला "लावानी" म्हणतात. लावणीच्या मुलुखातून आलेल्या बाईला हा शब्द विसरणं शक्यच नव्हतं. "लावानी," मी म्हटलं, "मीठ बघ जरा. मला तुमच्या लापशीचं मीठ कळत नाही."

तिनं पळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चाखली. कमी आहे, म्हणाली. मी चिमूटभर घातलं. पुन्हा बघ. तिसऱ्या खेपेला तिनं माझ्या हातातून पळी काढूनच घेतली. तुला ढवळताही येत नाही, असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण बाकीच्या बायका खो खो हसल्या आणि हंड्याभोवती येऊन बसल्या.

पण माझ्या पगारावर हंडा किती दिवस चालणार? तेव्हा मला आपला पैरा आठवला. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, कुणाचे उपकार कुणावर नाहीत. मी तेच सांगितलं. ज्यांच्याकडं पीठ आहे त्यांनी मूठभर आणायचं, नाही त्यांनी लाकडं आणायची, तेही नाही त्यांनी ढवळायचं. पावसानं दगा दिल्यानं मका महागला तेव्हा लापशी इतकी पातळ झाली की तिच्यात आंब्याचं झाड दिसायचं, पण हंडा उतरला नाही. एकदा शेंगदाणे संपले, एकदा माझी बदली करायचं घाटत होतं. मी चिवट निघाले, बायका माझ्याहून चिवट निघाल्या. एस्नातनं औषध पुरं केलं. तिच्या गालांची हाडं हळूहळू आत गेली. मुलगीही निरोगी राहिली. आता नवी बाई केंद्रात आली की एस्नातच पळी घेऊन तिच्यापुढं उभी राहते. साहेब आता पाहुण्यांना आमचा हंडा दाखवायला आणतात. मी त्यांनाही मीठ बघायला लावते.

मग मला मलेरिया झाला. ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. खोलीत एकटी पडून होते. दुपारी दार लोटून एस्नात आत आली आणि विचारलं, म्वाद्या? "न्दाद्या," मी म्हटलं. ती कंबरेवर हात ठेवून माझ्या गार शेगडीकडं बघत राहिली आणि मोठ्यांदा हसली. मग तिनं शेगडी पेटवली. थोड्या वेळानं माझ्या तोंडापुढं पळी आली. लावानी. मी चाखली आणि पटकन बोलून गेले, "मीठ कमी आहे." तिनं मीठ घातलं. पुन्हा पळी धरली. मी उठून बसले आणि वाटीभर खाल्लं.

ती गेल्यावर मला घर आठवलं. इथं कुणी घर कुठं विचारलं तर मी अजूनही शिरोळ तालुकाच सांगते, आणि मरेपर्यंत तेच सांगेन. पण ज्या माणसाला तोंडावर मीठ कमी आहे म्हणता येतं, त्याच्याजवळ आपण परके उरत नाही. आणि नेमकं ते मी आव्वाला म्हटलं नव्हतं. मी फोन लावला. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं, त्यामुळं इथली दुपारच्या जेवणाची वेळ आणि तिची दिवस मावळायच्या आतली जेवणाची वेळ जवळजवळ एकच येते. व्हिडिओवर आधी नुसतं छत दिसलं, मग कपाळ, मग आव्वा.

"आव्वा, मी निघताना तू आमटी चाखाय दिलतीस बघ. ती पार अळणी हुती."

"म्हाईत हाय की."

"मग?"

"मीठ घातलंच न्हवतं मी. म्हटलं, कमी हाय म्हणशील, मग मी घालून दिऊस्तवर जरा टेकशील. तर तू 'बरोबर हाय' म्हणून गेलीस की!"

पलीकडं आव्वा पदरानं फोनची काच पुसत बसली, जणू धूसर ती काचच झाली होती.

"जेवलीस का?" शेवटी तिनं विचारलं.

"थोडं खाल्लंय. अजून भूक हाय," मी म्हटलं. "तू जेवलीस?"

तिनं सवयीनं तोंड उघडलं, आणि थांबली. मागं खिडकीत अजून ऊन होतं.

"न्हाय," आव्वा म्हणाली, आणि फोन तांब्याला टेकवून ताट घ्यायला उठली.