बहिणीची सही

घर घेणाऱ्यानं वकिलाला काय काय विचारायचं, ते मी वहीत लिहून नेलं होतं. शाळेतल्या बाईची खोड, दुसरं काय. मूळ मालक कोण, घरावर कर्ज आहे का, वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती कोणाच्या नावावर निघते, जमीन बिनशेती झालीय का. सुरतेच्या कोर्टाजवळच्या त्या कोंदट ऑफिसात वकिलानं चष्मा कपाळावर चढवून माझी वही वाचली आणि परत केली.

"बेन, बधू बराबर, सगळं ठीक," तो म्हणाला. "पण एक सवाल राहिला. घर बापाच्या नावाचं. बाप मरून गेला. मग विकणाऱ्याला बहीण आहे की नाही?"

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. इतर कोणाला सुचला नसता तर समजू शकते, पण मला सुचू नये? मी स्वतः तसली सही देऊन बसलेली बाई.

वडील गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला होता. आमच्याकडे खान्देशात बहिणी हक्क सोडतात. जबरदस्ती कोणी करत नाही, पण हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. भावानं बोट ठेवलं तिथं मी सही केली. पोरांच्या वेलांटीची चूक मला सोडवत नाही, आणि तो कागद मी वाचलासुद्धा नाही. परत येताना त्यानं मोरपंखी साडी घेऊन दिली. मी खूश होते. खोटं कशाला सांगू, फार खूश होते.

मग सुरतेत प्लेग आला. उधन्यात मी भाड्यानं राहायचे ती चाळ दोन दिवसांत रिकामी झाली. जो तो गावी पळाला. नवरा जाऊन मला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. मीही पिशवी भरली आणि माहेरी गेले. भावानं मला ओट्यावरच थांबवलं. "न्हाना पोरे शेतस घरमा, ताई," घरात लहान पोरं आहेत, एवढंच म्हणाला आणि मळ्यातल्या खोलीची किल्ली पुढं केली. वहिनीनं पाण्याचा तांब्या लांबून ठेवला. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, भीतीच तशी होती. पण ती किल्ली मी घेतली नाही. पाणी प्यायले, उठले आणि आले तशी परत सुरतेला गेले. अख्ख्या चाळीत मी आणि एक मांजर. आठ दिवस कोणाशी बोलले नाही. तेव्हाच ठरवलं, मरायचं तर स्वतःच्या दाराआड. कोणाच्या ओट्यावर म्हणून उभं राहायचं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मी सुरतेतच नवागामातलं ते घर बघितलं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. विकणारा आपल्याकडचाच, मिलमध्ये कामाला. त्याला घर विकून गावी पिठाची चक्की टाकायची होती. वकिलाकडून आल्यावर त्याला बहिणीचं विचारलं तर हसला. "एकच आहे, इथंच लिंबायतला दिलीय. तिचं काय हो, करेल सही. एक साडी घेऊन देऊ."

साडी म्हटल्यावर मला माझी मोरपंखी आठवली. पण घर मला हवं होतं, मी कागद कधी करायचा तेवढं विचारलं.

पुढं तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, तुम्हीच जा ना तिच्याकडं. मी गेलो की ती बापाच्या आठवणीनं रडत बसते. तुम्ही शिकवता, तुमचं ऐकेल."

रविवारी मी लिंबायतला गेले. एका खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्या मधोमध ती मशीनवर लेस लावत बसलेली. चाळिशीची असेल, माझ्याहून थोडी लहान. माझ्यासाठी तिनं गठ्ठा उचलून जागा केली, चहा टाकला. मी नेलेला हक्कसोडीचा कागद गुजरातीत होता. "मला हे वाचता येत नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवा."

मला गुजराती चांगलं येतं. इतकी वर्षं काय उगाच काढली इथं? एकेक ओळ मराठीत करून वाचली. या घरावर माझा कसलाही हक्क, हिस्सा, दावा राहत नाही. माझ्या मुलाबाळांचाही राहत नाही. मी हे राजीखुशीनं लिहून देते. वाचताना आवाज वर्गात असतो तसाच खणखणीत ठेवला. मनात मात्र एकच घोकत होते की ही नाही म्हणाली तर मी परत चाळीत.

सगळं ऐकून ती जरा वेळ लेस बोटाला गुंडाळत राहिली. मग विचारलं, "बाई, तुम्ही दिलीय का अशी सही?"

"दिलीय."

"मग भाऊ येतो भाऊबीजेला?"

प्लेगच्या आधीची एक भाऊबीज आणि नंतरच्या दोन, मी एकटीनं काढल्या होत्या. त्यानं पत्रसुद्धा टाकलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तिनं तो कागद बाजूला ठेवला असता, निदान आपला हिस्सा तरी मागितला असता. ते मला कळत होतं. पुरतं कळत होतं.

"येतो ना," मी म्हणाले. "दरवर्षी येतो."

तिचा चेहरा उजळला. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजली.

दस्तावेजाच्या दिवशी आम्ही सगळे रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर बसलो. तिच्या भावानं तिथंच तिला प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीतली साडी डाळिंबी होती. तेवढ्यात आतून कारकुनानं विचारलं, "घेणाऱ्या बेनच्या बाजूनं साक्षीला कोण?"

मला ओळखणारी दोन माणसं हवी होती. शाळेतले एक शिपाईमामा यायला कबूल झाले होते, ते आले. दुसरं कोणी नव्हतं. शेवटी वकिलानं आपला मुन्शी उभा केला. ज्यानं मला त्या सकाळी पहिल्यांदा बघितलं, त्यानं मला ओळखतो म्हणून सही केली. मला लाज वाटली, पण काम झालं. मग तिची पाळी आली. पेन हातात घेऊन तिनं एकदा मुन्शीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हळूहळू अक्षर जुळवत सही केली. अंगठ्याची शाई आम्ही दोघींनी एकाच फडक्याला पुसली.

"टाइटल क्लियर," पायऱ्या उतरताना वकील म्हणाला. "आता निश्चिंत झोपा, बेन. तुमच्या दारात येऊन हक्क सांगणारं कोणी राहिलं नाही."

दिवाळीच्या आधी मी राहायला गेले. भाऊबीजेला दुपारी कडी वाजली. वेड्यासारखी धावत गेले मी, उगाच नाही कशाला म्हणू, भाऊच असेल असं वाटलं. दारात ती होती. डाळिंबी साडी नेसलेली, ओट्याच्या खालच्या पायरीवर उभी.

"आत या," मी म्हणाले.

ती आली नाही. "इकडून चालले होते," म्हणाली. लिंबायतहून नवागामाच्या या गल्लीतून कुठंच जाता येत नाही. "भाऊ चक्कीत अडकलाय, यंदा जमणार नाही म्हणाला. तुमचा आला का?"

आता तरी खरं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तीच पुढं बोलली. "नसेलच आला. ते मला रजिस्ट्रारकडंच समजलं. भाऊ येत असता तर साक्षीला तो उभा राहिला असता. वकिलाचा माणूस कशाला लागला असता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग सही का केली?" मी विचारलं.

"साडी हातात घेऊन झाली होती ना," ती म्हणाली. वाकून तिनं ओट्याच्या कडेवरून हात फिरवला, तिथं सिमेंटमध्ये कोणाचं तरी लहान पाऊल उमटलेलं आहे. मग गेली. मी तिला थांबवायला हवं होतं, आणि मी नुसती कडी धरून उभी राहिले.

पुढच्या भाऊबीजेला मी पुरण जास्तीचं घातलं. दोन पाट मांडले, दार सकाळपासून उघडं ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. लिंबायतला जाऊन तिला बोलावून आणायचं धाडस मात्र मला झालं नाही. वकील पक्का माणूस होता, त्यानं काम चोख केलं. माझ्या दारात हक्क सांगायला कोणी येत नाही.