टोंगाच्या शिपायांनी जत्रा थांबवली

सत्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोला होते. एका रविवारी वसंता म्हणाला, "आई, समुद्रकाठी जत्रा आहे. ड्राइव्ह मस्त आहे." मस्त कसला! घाटात मला दोनदा ओकारी झाली.

जत्रा आपल्यासारखीच. पाळणे, धूळ, खाणं. भाजलेलं कणीस घेतलं, तर त्यावर तिखट नाही, नुसतं लोणी थापलेलं.

मंचामागे सावलीत जाऊन बसले. तिथे दहा-बारा धिप्पाड शिपाई उभे होते. गणवेशावर कमरेला विणलेली चटई (ते तिला ताओवाला म्हणतात). वसंताने चौकशी केली. हे प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांचे, जवळच्या छावणीत शिकायला आलेले. त्यांचा हवालदार सिओने म्हणाला, "छावणीत आम्हाला पेट्या उचलायलाच बोलावतात. आता घरी निघालो. छावणीचे साहेब आणि बँड आज इथे आलेत. जाण्याआधी एकदा त्यांनी आमचं गाणं ऐकावं."

ते गाण्याची तयारी करू लागले. आमच्या भजनात सगळे एका सुरात गातात. इथे प्रत्येकाचं भलतंच. मी सरळ सांगितलं, "आधी एकमेकांचं ऐका, मग गा."

वसंताने लाजत ते इंग्रजीत सांगितलं. सिओने पोट धरून हसला. "आजींना मध्ये उभं करा!"

मध्ये उभी राहिले. जाड आवाज पायाखालून, बारीक डोक्यावरून, आणि सगळे मिळून एकच. मी मुकाट खाली बसले.

तेवढ्यात जत्रेचा व्यवस्थापक आला. "देवाचं नको. नाचाचं म्हणा, लोक मजा करायला आलेत."

"रविवारी आम्ही देवाचंच म्हणतो," सिओने म्हणाला.

"मग मंच मिळणार नाही."

एक शिपाई कुजबुजला, "एकच तर गाणं, हवालदार!"

"रविवारी नाचाचं गायलास, हे घरी गेल्यावर तुझ्या आईला तू सांगशील का?" सिओने म्हणाला.

तो कमरेची चटई नीट करू लागला.

ते बाहेर गवतावर उभे राहिले आणि गायला लागले. माईक नाही, पेटी नाही, ढोल नाही. आधी कणीसवाला थांबला. मग पाळणेवाल्याने आपला भोंगा बंद केला. मंचावरच्या छावणीच्या बँडने कर्णे खाली ठेवले. पेट्या उचलायला लावणारे साहेब टोपी काढून उभे राहिले. गाणं संपलं तशा आरोळ्या उठल्या. मीही ओरडले.

व्यवस्थापक धावत आला. "वर या! आणखी म्हणा!"

"येतो. पण देवाचंच."

"कुठलंही म्हणा हो!"

तीन गाणी झाली, तरी लोक सोडेनात.

परतताना वसंता म्हणाला, "नाचाचं म्हटलं असतं तर भांडण तरी टळलं असतं." मी म्हटलं, "टळलं असतं. आणि कणीस खाता खाता लोकांनी ऐकलं असतं." हट्टी माणसं मी जन्मभर पाहिली, घरातही आहेत. पण हट्टाला शोभेल असं गाणारी मला तिथेच भेटली.